उईल ही श्रीमंतांचीच मिरास नव्हे

कुणब्याच्या बांधावरची बाभळ शेजाऱ्याने तोडली तर तो चावडी गाठतो, वीतभर सरी सरकली तर मोजणीचे पैसे भरतो, आणि हद्दीचा दगड हलला तर दोन पिढ्या शेजाऱ्याशी बोलत नाही. परंतु त्याच कुणब्यास विचारा की, 'बाबा, तू डोळे मिटल्यावर या चार एकरांचे काय?' तर तो आभाळाकडे बोट दाखवितो. परक्यापासून रान राखण्यास एवढा जागरूक असणारा मनुष्य आपल्याच माणसांतील तंट्यापासून घर राखण्याविषयी इतका बेफिकीर का असावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात एखादा दिवस बसून पाहावे. लिंबाखाली भाकरीचे फडके सोडून बसलेल्या माणसांपैकी परक्याशी भांडावयास आलेले किती, आणि सख्ख्या भावाबहिणीशी भांडावयास आलेले किती, हे त्यांस नुसते विचारून पाहावे. वकिलाची फी, नकलांचे पैसे, एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. बापाने चार एकर ठेविले. त्यांतले एक एकर खटल्याने खाल्ले, आणि उरलेल्या तीन एकरांत कोर्टाचा मनाईहुकूम असल्यामुळे कुसळ उगवले. या सगळ्याच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते की, बापाच्या मनात काय होते ते बापाबरोबर गेले. कागदावर राहिले नाही.

आमच्याच गावची एक गोष्ट सांगतो, व ती सांगताना आमची मान खाली जाते. गावात एक सुतार होता. पोटी मूल नव्हते, बायको आधीच वारलेली. मेलेल्या बहिणीचा सहा वर्षांचा पोर त्याने घरी आणला, शाळेत घातला आणि पुढे त्याच्या हाती रंधा दिला. पोर वीस वर्षे मामाच्या कारखान्यात राबला. बैलगाड्यांचा धंदा बसला तेव्हा दारे-चौकटींचा धंदा त्यानेच उभा केला. आपल्या सहीने कर्ज काढून लाकूड कापण्याचे यंत्र आणले, पावती मात्र मानाने मामाच्या नावची घेतली. एके दिवशी सुतार शाळेच्या ओट्यावर येऊन बसला व म्हणाला, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक कागद लिहून द्या. माझ्या मागनं पोराला कुणी उठवाया नको." आम्ही म्हणालो, "वार्षिक परीक्षा उरकू द्या, मग निवांत बसून लिहू." परीक्षा उरकली, निकालही लागला, परंतु सुतार त्याआधीच एका रात्री छातीत कळ येऊन गेला.

तेराव्याला शहरातला भाऊ आला. दहा वर्षांत त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही; त्याच्याही घरी दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि कायदा त्याच्या बाजूने होता. मूल, बायको, आई, बाप यांपैकी कोणी नसेल तर भाऊ हयात असेपर्यंत भाच्याची पाळी येत नाही, आणि या पोरास रीतसर दत्तक घेतलेले नव्हते. घर, जागा, यंत्र सारे भावाकडे गेले. कर्ज तेवढे ज्याची सही त्याच्याकडे राहिले. मामाची वाकस आणि रंधा गोणपाटात बांधून तो पोर गावातून निघाला तेव्हा आम्ही शाळेच्या दारात उभे होतो. त्याने आम्हांस रामराम घातला. त्या रामरामाचे उत्तर आमच्या तोंडून निघाले नाही. एक साधा कागद, एक अंगठा आणि दोन साक्षी एवढ्याने ज्याचे घर राहिले असते, त्याचे घर आमच्या 'निवांत लिहू' या दोन शब्दांनी गेले.

वाचकहो, या बाबतीत थोरांनी काय केले ते पाहा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ च्या जुलै महिन्यात आपले उईलपत्र करून रीतसर नोंदवून ठेविले आणि दत्तक पुत्र यशवंत यास आपला वारस नेमले. त्या वेळी त्यांचा हात चालत होता. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. उईल 'पुढच्या वर्षी करू' असे ते म्हणाले असते तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, तेव्हा दत्तकाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतलीच; कारण टिटवे धरील तो वारस, ही समजूत. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या. प्रेत दारात असताना जेथे वारसाचा तंटा उभा राहतो, तेथे लेखी शब्दाची किंमत काय हे त्या घरास अगोदर कळले होते. ज्यांनी आम्हांस अक्षर शिकण्यास सांगितले, त्यांनी त्या अक्षराचा उपयोग कोठे करावा हेही आपल्या उदाहरणाने दाखविले. आम्ही तसबिरीला हार घालतो आणि हे उदाहरण तेवढे विसरतो.

आता, उईल न करता मनुष्य मेला तर काय होते? हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांस १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याप्रमाणे पुरुषाच्या मागे त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांस सारखा वाटा मिळतो. आधी वारलेल्या मुलाची बायकामुले त्याच्या जागी येतात. हा कायदा वाईट नाही. जुन्या काळी विधवेस नुसत्या पोटगीवर बसवीत, त्यापेक्षा तो शतपट बरा. परंतु कायदा रक्त मोजतो, घाम मोजीत नाही. गावी राहून आईबापांचे हगणेमुतणे काढणारा धाकटा आणि शहरातून फोनवर चौकशी करणारा थोरला त्यास सारखेच. जन्माचा पांगळा मुलगा आणि पगारदार मुलगा सारखेच. पदरी वाढविलेला भाचा, नवऱ्याने टाकलेली बहीण, सावत्र लेक, यांची तर मुलगा-मुलगी असताना त्याच्या यादीत गणतीच नाही. घरात कोणाला कशाची गरज आहे हे घरचा कर्ताच जाणतो. आणि त्याने ते सांगितले नाही तर कायदा त्याच्या वतीने अंदाज बांधीत बसत नाही.

असे असून लोक उईल का करीत नाहीत? आम्ही ज्यांस विचारले त्यांच्या चार सबबी आहेत.

पहिली सबब अशी की, 'आमच्याकडे आहे काय?' अहो, ज्याच्याकडे शंभर एकर आहेत त्याचे दहा एकर खटल्यात गेले तरी त्याची चूल पेटेल. ज्याच्याकडे दोनच आहेत त्याने किती सांभाळले पाहिजे? गावठाणातली दोन खणांची जागा, विहिरीतली पाण्याची पाळी, शिवणाचे यंत्र, माग, भाता, सोसायटीचा शेअर, टपालातली ठेव, ही सर्व मिळकतच आहे. उद्या रानातून रस्ता निघाला म्हणजे ज्या खडकाळ तुकड्यास कोणी विचारीत नव्हते त्याच्या मोबदल्यासाठी कधी न पाहिलेले वारस उभे राहतात.

दुसरी सबब, 'उईल केली की मरण जवळ येते.' मग घरात बियाणे राखून ठेवल्याने दुष्काळ येतो की काय? विमा उतरविताना कोणास अपशकुन होत नाही आणि उईल लिहितानाच का व्हावा? मरण उईलीची वाट पाहत नाही. उईल मात्र मरणाच्या आधीच व्हावी लागते.

तिसरी सबब, 'लिहून दिले की पोरे विचारणार नाहीत.' ही भीती खरी आहे, पण ती बक्षीसपत्राची आहे. बक्षीसपत्र नोंदविले की मिळकत त्याच घडीस हातची गेली. आणि अशा रीतीने सारे देऊन पडवीत खाट टाकून बसलेले म्हातारे आम्ही पाहिले आहेत. उईलीचे तसे नाही. ती मेल्यावरच चालू होते. तोवर मालक तुम्ही, सातबारा तुमच्या नावे, विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्कही तुमचा. मन बदलले तर उईल फाडावी, नवी करावी. शुद्धीवर आहात तोवर कितीही वेळा. तेव्हा ज्याला पोरांची भीती वाटते त्याने बक्षीसपत्र करू नये, उईल करावी.

चौथी सबब, 'आमची मुले शहाणी आहेत.' असतीलही. परंतु बाप गेल्यावर सुना, जावई, मेव्हणे आणि गावचे फुकटे सल्लागार मिळून पंचायत भरते, त्या गलबल्यात शहाण्यांसही आधाराला बापाचा शब्द लागतो. कागद असला म्हणजे 'हे बापाने ठरविले' एवढे म्हणून भाऊ भावासमोर उभा राहू शकतो.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, मग ती कोणास आवडो न आवडो. उईल म्हणताच कित्येकांच्या मनात पहिला विचार येतो तो लेकीचे नाव कसे उडवावे हा. राखीपौर्णिमेला बहिणीकडून ओवाळून घ्यावयाचे आणि सोमवारी तिला हक्कसोडपत्रासाठी कचेरीत न्यावयाचे, ही रीत आमच्या घरांस शोभत नाही. शिवाय ती चालणारही नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, असे २००५ च्या दुरुस्तीने ठरले, आणि त्यासाठी त्या वेळी बाप हयात असणे जरूर नव्हते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. अशा मिळकतीत बापास उईल करता येते ती फक्त आपल्या स्वतःच्या हिश्शाची; लेकीचा हिस्सा त्याच्या लेखणीखाली येत नाही. स्वकष्टाची मिळकत हवी त्यास देण्याचा अधिकार आहे खरा. पण जिच्या बाळंतपणाला आणि सासुरवासाला माहेरचा उंबरा हा एकच आधार, तिचे नाव खोडण्यासाठी तो अधिकार वापरणाऱ्याने आपण घर राखले असे म्हणू नये.

विधवेविषयीही असेच. पुष्कळ उईलींत लिहितात की, 'बायकोने हयातीपर्यंत खावे, नंतर मुलांनी घ्यावे.' हेतू चांगला असला तरी या शब्दांनी तिला बहुधा पूर्ण मालकी मिळत नाही; दुखण्याखुपण्यास तुकडा विकावा म्हटले तरी तिचे हात बांधलेले राहतात आणि पोरांच्या तोंडाकडे पाहावे लागते. बायकोस मालक करावयाचे असेल तर 'पूर्ण मालकी हक्काने' असे साफ लिहावे. आणि खरे म्हणजे तिचे नाव सातबाऱ्यावर लावण्यास मरणाची तरी वाट कशाला? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या हाकेने हेच सांगितले होते, आणि अनेक शेतकऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून दिली.

मायबहिणींनो, उईल पुरुषांनीच करावी असा समज असेल तर तो सोडून द्या. नवरा नाही, मूल नाही अशी हिंदू स्त्री उईल न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मिळकत तिच्या आईबापांकडे जात नाही, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली निकालात निघालेले प्रकरण ऐका. एका मुलीचे लग्न १९५५ साली झाले. तीन महिन्यांत नवरा साप चावून मेला आणि सासरने तिला घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकविले, ती नोकरीस लागली, जन्मभर कमावून तिने पैसा साठविला आणि १९९६ साली ती वारली. उईल नव्हती. म्हाताऱ्या आईने तो पैसा मागितला, तेव्हा नवऱ्याच्या बहिणीची मुले पुढे आली. आणि न्यायालयाने कळवळा बाजूस ठेवून, कायद्याप्रमाणे मिळकत त्यांचीच ठरविली. ज्या घराने तिला उंबऱ्यावर उभे केले नाही, त्याच घराच्या गोतावळ्याकडे तिचा घाम गेला. बचत गटात दर महिन्यास पैसे टाकणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, अंगणवाडीत राबणाऱ्या आमच्या बहिणींनी हे विसरू नये. तसेच बँकेच्या पुस्तकावर नाव लावले म्हणजे काम झाले असेही समजू नये. ज्याचे नाव लाविले त्याच्या हाती बँक पैसा देते एवढेच. त्यावर हक्क कोणाचा, हे उईल किंवा वारसा ठरवितो.

उईल करावी कशी, हे आता थोडक्यात सांगतो. अठरा वर्षांवरील शुद्धीवर असलेल्या कोणाही मनुष्यास ती करता येते. साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. आरंभी आपले नाव, वय व गाव घालून 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असे लिहावे. मग मिळकत लिहावी: जमिनीचा गट नंबर व क्षेत्र सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून, घराचा नंबर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरून, ठेवी पुस्तकावरून. सोसायटीचे कर्ज व हातउसने देणेही लिहावे. कारण देणे फिटल्यावर उरते ती मिळकत. नंतर कोणास काय, ते नाव व नाते घालून लिहावे. एखाद्यास कमी दिले असेल तर त्याचे कारणही एका ओळीत लिहावे. त्याने मागे राहणारांचा पीळ पुष्कळ कमी होतो. सर्व व्यवस्था पाहण्यास एक विश्वासू मनुष्य नेमावा.

शेवटी तारीख घालून दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा, आणि त्या दोघांनी तुमच्या समोर सह्या कराव्यात. येथे चूक झाली तर सारे मुसळ केरात! साक्षीदार वयाने तुमच्यापेक्षा लहान असावेत, आणि ज्यास काही मिळावयाचे आहे तो साक्षीस घेऊ नये. ज्यास वाचता येत नाही त्याने सर्व मजकूर मोठ्याने वाचवून घ्यावा, व तसे कागदावर लिहवावे. म्हातारपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती करावी. कागद हरवला किंवा कोणी दडविला तरी नक्कल मिळते. मरणापाठीमागे उईल व मृत्यूचा दाखला देऊन चावडीत फेरफार घालावा. मात्र फेरफार ही सरकारी नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तीन ठिकाणी जाणत्याचा सल्ला घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. कुळकायद्याने मिळालेली, वतनाची किंवा वर्ग दोनची जमीन असेल तर ती परक्यास देण्यास कायद्याची आडकाठी असते. सुन्नी मुसलमान बंधूंस त्यांचा धर्मनियम लागू आहे. देणे व अंत्यखर्च भागून उरलेल्याच्या एक-तृतीयांशापलीकडे, अथवा एखाद्या वारसासच जास्त द्यावयाचे तर, बाकीच्या वारसांची संमती लागते. आदिवासी बंधूंस १९५६ चा कायदा सरसकट लागू नाही. त्यांनी आपला रिवाज व जमिनीचे निर्बंध विचारून घ्यावेत.

आणि आणखी एक इशारा. दवाखान्यात घरघर लागलेल्या बापाच्या अंगठ्यास शाई फासून केलेला कागद ही उईल नव्हे, ती चोरी आहे. ज्यास सारे मिळावयाचे त्यानेच पुढे होऊन करविलेल्या उईलीकडे न्यायालय संशयाने पाहते, आणि तो संशय फेडण्याचा भार उईल पुढे करणारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेविले आहे. म्हणून उईल चालत्या हाताने, चार माणसांच्या उजेडात आणि खळखळीत शुद्धीत करावी.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, बाराव्या-तेराव्याच्या जेवणास आम्ही कर्ज काढतो. गहू किती, गूळ किती, पंगती किती याचा हिशेब भाऊबंद रात्रभर बसून करतात. त्या सगळ्या खर्चाने मेलेल्याच्या मनातले एक अक्षर मागे राहत नाही. ते अक्षर जिवंतपणीच, थोडक्या खर्चात लिहिता येते.

सुताराचा पोर गेला त्या वर्षापासून आम्ही एक नेम केला आहे. शाळा सुटल्यावर जो कोणी 'गुरुजी, एक कागद लिहायचा आहे' म्हणून येतो, त्यास आम्ही 'उद्या ये' म्हणत नाही. दिवा लावून बसतो. प्रत्येक गावात असा एक लिहिता मनुष्य आहे. त्याच्याकडे जा. सुगी उरकू द्या, लग्न उरकू द्या, परीक्षा उरकू द्या, असे म्हणू नका. आज रात्री जेवणे झाल्यावर घरच्या धनिणीस जवळ बसवा, पेटीतले उतारे बाहेर काढा, आणि आपल्या मागे या घरात कोणी रडू नये म्हणून काय करावे, एवढेच एकमेकांस विचारा. उईलीची पहिली ओळ तेथेच लिहिली जाते.